सही आणि संमती

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा तापातील झटके, लसीकरण किंवा मुलांचे मोबाइल-वेड यांपैकी एखाद्या विषयाची असावी. बालरोगतज्ज्ञाकडून आणखी काय मागणार! त्या विषयांवर मी पूर्वी लिहिले आहे आणि पुन्हाही लिहीन. या वर्षी मात्र मला एका कर्जाविषयी लिहायचे आहे. कर्ज जुने आहे, परदेशातले आहे आणि कधीच फिटले आहे. तरीही त्याच्याविषयी लिहावेसे वाटते, कारण त्या कर्जाच्या कागदाने जवळजवळ वीस वर्षांनंतर मला माझ्याच व्यवसायाकडे नव्याने पाहायला लावले.

एम.डी. होऊन दोन वर्षे झाल्यावर, १९९८ साली मी पुढील प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेलो. त्या काळी आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर जात तसाच. तेथील सरकारी आरोग्यसेवेत कनिष्ठ डॉक्टरांच्या नेमणुका सहा-सहा महिन्यांच्या असत. एक रुग्णालय संपले की दुसरे, दुसरे संपले की तिसरे. रात्रीची ड्यूटी, दोन गावांतील अंतर आणि तिथला पाऊस यांमुळे गाडीवाचून गत्यंतर नव्हते. मार्च २००० मध्ये मी एका बँकेकडून सहा हजार पौंडांचे कर्ज घेऊन एक जुनी गाडी घेतली. फेड तीन वर्षांची, व्याज दरमहा एक टक्का.

बँकेतील टेबलापलीकडची बाई अत्यंत सौजन्याने बोलत होती. सगळे कागद भरून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘डॉक्टर, उद्या तुम्ही आजारी पडलात किंवा नोकरी गेली तर हप्ते कोण भरणार? त्यासाठी हे संरक्षण आहे.’’ मी विचारले, ‘‘हे घेतलेच पाहिजे का?’’ ती हसून म्हणाली, ‘‘बहुतेक सगळेच घेतात. घेतले की अर्जही लवकर पुढे सरकतो.’’ फॉर्मवरील त्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. परका देश, दीड वर्षाचे बँक-खाते, मुदतीचा परवाना. कर्ज नामंजूर होईल ही धास्ती मनात होतीच. मी सही केली.

त्या विम्याचे नाव पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, म्हणजे कर्जफेडीच्या संरक्षणाचा विमा. तिथल्या बोलण्यात नुसते ‘पीपीआय’. माझ्या पॉलिसीचा हप्ता नऊशे पौंड होता. तो दरमहा वेगळा घेतला जात नव्हता. सगळा एकदम कर्जात मिळवला होता. म्हणजे मी सहा हजार मागितले आणि माझ्या नावावर सहा हजार नऊशे चढले. त्या नऊशेवरही दरमहा एक टक्का व्याज चालू झाले. मासिक हप्ता २२९ पौंडांचा बसला. त्यातले सुमारे ३० पौंड या विम्याचे होते. छत्तीस महिन्यांत मी या विम्यापायी १,०७६ पौंड भरले. हे सर्व गणित त्या कागदावर छापलेले होते. मी ते वाचले नव्हते, एवढेच.

वाचले असते तर काय दिसले असते? नोकरी गेल्यास हप्ते भरण्याचे वचन होते, परंतु ठरावीक मुदतीची नेमणूक मुदत संपल्यामुळे संपली तर ती ‘नोकरी जाणे’ धरली जाणार नव्हती. माझी तर प्रत्येक नेमणूक मुदतीचीच होती! आजारपणात हप्ते भरण्याचे वचन होते, परंतु पाठदुखी आणि मानसिक ताण ही दोन कारणे वगळलेली होती. रात्र-रात्र जागणाऱ्या कनिष्ठ डॉक्टराला काम थांबवायला लावणारी कारणे बहुधा हीच. आणि उरलेल्या आजारांसाठी आरोग्यसेवेचा स्वतःचा नियम होता: नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दोन महिने पूर्ण पगार आणि पुढे दोन महिने अर्धा, आणि पाच वर्षांनंतर सहा महिने पूर्ण व सहा महिने अर्धा. थोडक्यात, ज्या संकटाची मला भीती होती त्यात हा विमा कामाचा नव्हता आणि ज्यात तो कामाचा होता त्याची बरीचशी सोय आधीच झालेली होती. ज्या रुग्णाला जंतुसंसर्ग नाही त्याला महागडे प्रतिजैविक लिहून द्यावे आणि शिवाय त्याची किंमत व्याजाने वसूल करावी, असा तो प्रकार होता.

२००३ साली कर्ज फेडून मी बडोद्याला परतलो आणि ती गाडी, ते कर्ज, तो विमा सगळे विसरलो.

मी विसरलो, पण तो देश विसरला नाही. २००५ साली ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेने ग्राहकांच्या वतीने तक्रार करण्याच्या आपल्या विशेष अधिकारात या विम्याविरुद्ध सरकारी यंत्रणेकडे दाद मागितली. तेथील स्पर्धा आयोगाने जानेवारी २००९ मध्ये अहवाल दिला, की कर्ज देतानाच त्याच टेबलावर हा विमा विकणे बंद झाले पाहिजे, कारण त्या क्षणी ग्राहकापुढे दुसरा पर्यायच नसतो. माझ्यासारखा एकरकमी हप्ता कर्जात मिळवण्याचा प्रकार त्याच वर्षी थांबला. २०१० साली नियामकाने जुन्या तक्रारी कशा हाताळाव्यात याचे नियम केले. बँकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. त्यानंतर भरपाईचा ओघ सुरू झाला. नियामकाच्या म्हणण्यानुसार असे ६ कोटी ४० लाखांपर्यंत विमे विकले गेले होते, त्यांतले बहुसंख्य १९९० ते २०१० या काळात. तक्रार करण्याची अंतिम तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली. २०११ पासून बँका व वित्तसंस्थांनी ग्राहकांना परत केलेली रक्कम ३८ अब्ज पौंडांवर गेली.

यातले मला काहीही ठाऊक नव्हते. २०१७ च्या ऑगस्टअखेर तिथे स्थायिक झालेल्या माझ्या एका वर्गमित्राचा फोन आला. दूरचित्रवाणीवर नियामकाची जाहिरात चालू होती. अरनॉल्ड श्वार्झनेगरचे यांत्रिक मुंडके लोकांना ‘ठरवा, आणि लवकर ठरवा’ असे बजावत होते म्हणे. मित्राने विचारले, ‘‘तुझ्या त्या गाडीच्या कर्जावर विमा होता का रे?’’ मी हसण्यावारी नेले. रात्री मात्र माळ्यावरची जुनी ट्रंक काढली. वैद्यक परिषदेची पत्रे, नेमणुकांचे करार आणि पगाराच्या पावत्या यांच्या खाली कर्जाचा करार सापडला. कागद न टाकण्याची माझ्या वडिलांची सवय माझ्यात उतरली आहे. तिच्यावरून घरात मला आजवर बरेच ऐकून घ्यावे लागले आहे. त्या रात्री माझी बाजू प्रथमच वर आली.

तक्रार करणे फुकट होते. मी सप्टेंबरमध्ये बँकेला दोन पानी पत्र लिहिले: माझी नेमणूक मुदतीची होती हे तुम्हाला माहीत होते, मला आजारपणाचा पगार मिळतो का हे तुम्ही विचारले नाही, विमा ऐच्छिक आहे हे स्पष्ट सांगितले नाही आणि त्याच्यावर व्याज लागणार हेही सांगितले नाही. बँकेला उत्तरासाठी आठ आठवड्यांची मुदत होती. नोव्हेंबरमध्ये उत्तर आले: आपली सही आमच्या दप्तरी आहे, सबब तक्रार मान्य करता येत नाही. मग डिसेंबरमध्ये मी आर्थिक सेवांच्या लोकपालाकडे गेलो. तिथेही शुल्क नव्हते आणि वकील लागत नव्हता. त्यांनी माझ्याकडून नेमणुकांचे करार मागवले, बँकेकडून विक्रीचे कागद मागवले, आणि वर्षाहून अधिक काळ काहीच कळले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये निर्णय आला. तो माझ्या बाजूने होता.

निर्णयातले गणित वाचकांनी पाहावे असे आहे. भरलेले १,०७६ पौंड परत. प्रत्येक हप्ता ज्या दिवशी भरला त्या दिवसापासून त्यावर ८ टक्के सरळ व्याज. ते १,५०६ पौंड झाले. त्या व्याजावर २० टक्के, म्हणजे ३०१ पौंड कर कापून हाती आले २,२८१ पौंड. मार्चमध्ये रक्कम जमा झाली; आपल्या रुपयांत सुमारे दोन लाख. त्याचे काय केले असे कुणी विचारील, म्हणून सांगतो: घर रंगवून घेतले.

या व्यवहारात मध्यस्थही पुष्कळ उपटले होते. ‘तुमची तक्रार आम्ही करतो, मिळालेल्या रकमेतले तीस टक्के आमचे,’ असे सांगणाऱ्या कंपन्या तिथे गल्लोगल्ली निघाल्या. जुलै २०१८ पासून कायद्याने त्यांचे शुल्क २० टक्के व त्यावरील कर एवढ्यावर आणले. जे काम दोन पानी पत्राने फुकट होते त्यासाठी लोक पाचवा हिस्सा देत होते. ज्यांनी असा विमा कधी घेतलाच नव्हता अशांच्या नावानेही असंख्य तक्रारी दाखल झाल्या. अन्यायाच्या निवारणालाही बाजार चिकटतो, हा त्यातला दुसरा धडा.

ही हकिकत मी एका संध्याकाळी कमाटी बागेत आमच्या फिरण्याच्या मंडळींत सांगितली. आमच्यातले एक ज्येष्ठ शल्यविशारद ताडकन म्हणाले, ‘‘अहो, तुम्ही एम.डी. झालेला माणूस! सही तुमची, डोळे तुमचे. वाचले नाही ही चूक तुमची. मग वीस वर्षांनी पैसे मागायला लाज कशी वाटली नाही?’’

प्रश्न रोखठोक होता आणि तो मला बरेच दिवस छळत राहिला. ज्या नगरीत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०८ साली बँक स्थापन केली, त्या नगरीच्या नागरिकाने बँकेचा कागद न वाचता सही करावी, हे लाजिरवाणे खरेच. महाराजांनी रयतेला वाचायला शिकवले. आम्ही वाचता येत असून वाचत नाही. एवढा दोष मी माझ्या पदरात घेतो.

परंतु त्यापुढे मी जात नाही, आणि का जात नाही हे डॉक्टरांना तरी समजावून सांगावे लागू नये. आपल्या व्यवसायात सही म्हणजे संमती नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरालाही शिकवतो. २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हेच सांगितले: तपासणीसाठी घेतलेली संमती मोठ्या शस्त्रक्रियेची संमती होत नाही, रुग्णाला उपचाराचे स्वरूप, त्यातले धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे. त्या निकालावर आपण परिसंवाद घेतले, संमतिपत्रे पुन्हा छापून घेतली. आता बँकेच्या टेबलाकडे पाहा. मी गाडीच्या कर्जाला संमती दिली होती; त्याच भुलेखाली दुसरी शस्त्रक्रिया उरकली गेली. खूण आधीच केलेली, पर्याय न सांगितलेला, धोका लपवलेला, आणि रुग्ण घाबरलेला. अशा संमतिपत्रावर आपल्यापैकी कुणी सुरी उचलली असती काय? आणि उचलली असती तर ‘सही तुमची होती’ हा बचाव न्यायालयाने ऐकून घेतला असता काय?

शिवाय, जी माहिती कागदावर नव्हतीच तिचे काय? तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये प्लेविन खटल्याचा निकाल दिला. एका अध्यापिकेने २००६ साली ३४,००० पौंडांचे कर्ज घेतले होते आणि त्यावर ५,७८० पौंडांचा असा विमा. त्या हप्त्यातले ७१.८ टक्के हे निव्वळ कमिशन होते, काही दलालाचे आणि काही कर्ज देणाऱ्या संस्थेचे. विमा कंपनीपर्यंत पोचले फक्त १,६३० पौंड. बाईंना कमिशन आहे एवढे मोघम कळले होते. किती, ते कळले नव्हते. न्यायालय म्हणाले, की कमिशन एवढे मोठे असताना ते लपवणे म्हणजे दोघांमधील नातेच अन्याय्य करणे होय. हा कागद कितीही डोळ्यांत तेल घालून वाचला असता तरी हा आकडा दिसला नसता.

तेव्हा माझे मत असे: असे पैसे परत मागणे हा लोभ नव्हे आणि रडेपणाही नव्हे. ते मागितले नाहीत तर विकणाऱ्याला एवढेच कळते, की हा धंदा पचतो.

आता आपल्या दारात येऊ. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने स्वतःचा नवजात शिशुकक्ष उभारण्यासाठी चाळीस लाखांचे कर्ज घेतले. वॉर्मर, फोटोथेरपी, सीपॅप, सगळेच महाग. रक्कम खात्यात आली तेव्हा पावणेदोन लाख कमी. चौकशी केली तर कळले, की ते कर्जाला जोडलेल्या आयुर्विम्याचे एकरकमी हप्त्याचे पैसे. ‘‘मॅडम, हे कंपलसरी असते,’’ असे उत्तर मिळाले. ती माझ्याकडे आली. मी म्हटले, ‘‘ते कंपलसरी आहे हे त्यांच्याकडून लेखी माग.’’ तिने मागितले. लेखी कुणी दिले नाही; कारण कर्जासाठी त्याच बँकेकडून विमा घेण्याची सक्ती कायद्यात नाही. पॉलिसीचा कागद हाती पडून तेव्हा एकवीस दिवस झाले होते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क असा किरकोळ खर्च वजा होऊन बाकी पैसे मिळतात. तिला ते मिळाले. त्याहून निम्म्या खर्चात तिने स्वतः निवडून दुसरा मुदतीचा विमा घेतला.

येथे एक गैरसमज नको. विमा वाईट नाही. कर्जबाजारी डॉक्टराच्या पश्चात कुटुंबावर हप्त्यांचे ओझे पडू नये यासाठी विमा असलाच पाहिजे. वाद आहे तो किंमत दडवण्याविषयी आणि निवड हिरावण्याविषयी. आपल्याकडे त्यासाठी आता साधने आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने सर्व किरकोळ कर्जांना आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य बाबींचे विवरणपत्र, सक्तीचे केले आहे. बँकेमार्फत कापला जाणारा विम्याचा खर्च त्यात दाखवावा लागतो आणि वार्षिक दरातही धरावा लागतो. त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. ते विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि समजावून सांगितले पाहिजे, असेही त्या आदेशात आहे. आपण मराठीत मागावे, आपल्या कंपाउंडरने गुजरातीत मागावे. बँकेने दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेची लोकपाल व्यवस्था आहे, विमा कंपनीने न दिल्यास विमा लोकपाल आहे. दोन्हींकडे तक्रार फुकट होते.

इतके लिहून मी थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. बँका लबाड, ग्राहक गरीब बिचारे, आणि मी विजयी! पण ते ७१.८ टक्के माझ्या डोक्यातून जाईनात. लपवलेल्या कमिशनाविषयी बोलायला मी कोण?

आपल्या व्यवसायातील ‘कट’विषयी मी नव्याने काय सांगावे? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे, हे आपल्याला पाठ आहे. एमआरआयच्या बिलातला किती हिस्सा यंत्राचा आणि किती चिठ्ठी लिहिणाऱ्याचा, हे रुग्णाच्या नातेवाइकाला कुठल्याच कागदावर दिसत नाही. मी कधी असा कट घेतला नाही, म्हणून ताठ मानेने चालत असे. पण बालरोगतज्ज्ञाचा कट वेगळ्या कपाटात असतो. त्याचे दार उघडले की थंड हवा येते.

होय, मी लसींच्या फ्रिजविषयी बोलतो आहे. खाजगी दवाखान्यात दिल्या जाणाऱ्या लसी आपण घाऊक दराने विकत घेतो आणि छापील किमतीने लावतो. मधला फरक काही लसींत थोडा, काहींत बराच. आई-बापांना तो कधी सांगितला जात नाही. मी पंधरा-सोळा वर्षे सांगितला नाही. यात बेकायदा काही नाही. शीतसाखळी सांभाळावी लागते, जनरेटर ठेवावा लागतो, वाया गेलेल्या मात्रेचा खर्च असतो. हे सर्व खरे आहे. परंतु त्याहून एक अवघड गोष्ट आहे. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि २०१९ पर्यंत देशभर पोचली. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून येऊ लागली आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. दोन्ही सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. माझ्यासमोर बसलेल्या रिक्षावाल्याला, ‘हीच लस तुमच्या वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते,’ हे मी आपण होऊन सांगत होतो काय? विचारले तर सांगत असे. विचारायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही बँकेत ठाऊक नव्हते.

‘‘बहुतेक सगळेच घेतात,’’ असे ती बाई मला म्हणाली होती. लसीच्या तक्त्यावर बोट ठेवून नेमके हेच वाक्य मी किती आयांना ऐकवले असेल, याचा हिशेब मी करू शकत नाही. आणि त्यांना परतावा देणारा लोकपालही नाही.

म्हणून २०२१ च्या अखेरीस मी दवाखान्यात एक फलक लावला. मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांत. कोणत्या लसी सरकारी केंद्रात फुकट मिळतात याची यादी त्यावर आहे. ज्या मिळत नाहीत त्यांची माझी खरेदी-किंमत आणि माझे शुल्क वेगवेगळे लिहिले आहे. किमती बदलल्या की फलक बदलतो. काही समव्यावसायिकांना हे रुचले नाही. एकाने सांगितले, की तुमच्या फलकामुळे आमच्याकडे वाद होतात. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. माझे लसीचे उत्पन्न पहिल्या वर्षी चांगलेच घटले, हेही लपवत नाही. पुढे ते काहीसे सावरले, पूर्ण नाही.

मी कुणाला उपदेश करावा एवढा माझा अधिकार नाही. पंधरा वर्षे गप्प बसलेल्या माणसाला तो नसतो. पण आपल्या मंडळात तरुण डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. त्यांतले बरेच कर्ज काढून दवाखाने थाटत आहेत. बँकेच्या टेबलाशी ते ग्राहक असतात आणि स्वतःच्या टेबलाशी विक्रेते. एका टेबलाशी जे उघडपणे कळायला हवे असे वाटते, ते दुसऱ्या टेबलाशी आपण होऊन सांगावे, एवढीच माझी विनंती आहे. आपल्या रुग्णाला आपली टक्केवारी कळली तर तो आपल्याकडे येईल का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला एकदा विचारून पाहावा. उत्तर ‘येईल’ असे असेल तर लपवण्याचे कारण उरत नाही. ‘येणार नाही’ असे असेल तर आपण त्या बाईच्या खुर्चीत बसलो आहोत.

फलक लावल्यावर पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी तो संपूर्ण वाचला, पुन्हा वाचला आणि विचारले, ‘‘डॉक्टर, ही लस तिकडे फुकट आहे, तर तुमच्याकडे का घ्यायची?’’ मी म्हटले, ‘‘गर्दी कमी, वेळ तुमच्या सोयीची, एवढेच. लस तितकीच चांगली.’’ त्या उठल्या, बाळाला घेऊन सरळ आरोग्य केंद्रात गेल्या. माझे त्या दिवशीचे नुकसान झाले. तीन आठवड्यांनी बाळाला ताप आला तेव्हा त्या माझ्याकडेच आल्या, आणि मी लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर उभे राहून ओळ न् ओळ वाचली. दोन औषधांविषयी विचारले. त्यांतले एक नसले तरी चालणार होते. मी ते खोडले.